छोट्या व्हॅनमध्ये आठ दिवस स्वयंपाक केला, त्याची गोष्ट

१ नोव्हेंबरला रात्री साडेनऊला चिपळूणला घरी पोचलो. गाडीत अजून खिचडीचा आणि ओल्या टॉवेलचा वास आहे, तो जायच्या आत लिहून काढते, नाहीतर राहून जाईल. जुलैत हे सगळं सुरू केलं तेव्हा मला कुणीच धड सांगणारं नव्हतं. व्हिडिओ सगळे परदेशातल्या मोठ्या गाड्यांचे, आत सिंक काय, ओव्हन काय. आमची जुनी मारुती व्हॅन, पेट्रोलवरची, आत उभं राहता येत नाही, गुडघ्यावर सरकावं लागतं. त्यात चहा करायचा तरी कसा इथपासून सुरुवात.

पहिला प्लॅन अगदी सोपा वाटला होता. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्यायचा, घरातली जुनी एक बर्नरची शेगडी काढायची, झालं. एजन्सीत चौकशी केली, ओळखपत्र दाखवलं की मिळतो म्हणाले, गॅस आणि डिपॉझिट धरून सोळाशेच्या आसपास. पैसे काढतच होते तेवढ्यात तिथला फिटर म्हणाला, ताई, ठेवणार कुठे? गाडीत म्हटल्यावर तो हसला नाही, तेच बरं झालं. म्हणाला, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो. घरात निदान दारातून बाहेर तरी जातो, गाडी म्हणजे पातेलं, बुडापासून भरत जाणार आणि तुम्ही त्या पातेल्यात झोपणार. त्यासाठी सिलिंडरला आतून हवाबंद कप्पा लागतो आणि त्याच्या बुडाला थेट गाडीखाली उघडणारं भोक. मी पैसे परत पर्समध्ये ठेवले.

भोक पाडायचं म्हणजे आरटीओ आलं. दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला बाहेरचा एजंट म्हणाला काही होत नाही, सगळे करतात. दुसऱ्या खेपेला आत खिडकीवर विचारलं तर त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. सीट काढली तरी आरसीवरची सीटसंख्या जुळत नाही. मग मी विचारलं, सामान म्हणून एखादी लाकडी पेटी ठेवली आणि ती उचलून बाहेर काढता येत असेल तर? ते म्हणाले, सामान ते सामान, पण नीट बांधून ठेवा.

इन्शुरन्सवाल्यांना मेल केला. उत्तर यायला ११ दिवस लागले, मध्ये दोनदा फोन केला, दोन्ही वेळेला वेगळी माणसं, वेगळी उत्तरं. शेवटी लेखी आलं की कायमस्वरूपी गॅस बसवलात आणि आम्हाला कळवलं नाहीत तर आगीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. हा मेल प्रिंट काढून आरसीच्या कॉपीबरोबर ठेवलाय. तुम्हीही फोनवर विचारून गप्प बसू नका, लेखी मागा.

म्हणजे ठरलं, गाडीला काहीही कायमचं लावायचं नाही. डिकीत मावेल अशी पेटी आणि त्यात कार्ट्रिजची छोटी शेगडी, ती बाजूला गॅसचा आडवा डबा, म्हणजे कार्ट्रिज, बसवायची असते ना, ती. शेगडी २,२०० रुपये, २२० ग्रॅमचं कार्ट्रिज १६० ला एक, दहा घेतली. हे मुंबईहूनच मागवा, वाटेत छोट्या गावात शोधत बसू नका.

सुतारकाकांना पेटी सांगितली २८ जुलैला. पंधरा दिवसांत देतो म्हणाले. कोकणात राहून मी हे खरं मानलं, ही माझीच चूक. २७ ऑगस्टला गणपती, त्याआधी मखरांची कामं, नंतर काका स्वतःच गावाला, पेटी हातात आली १२ सप्टेंबरला. साडेतेरा हजार, प्लायसकट. पण काम चोख. शेगडीचा ट्रे मागे सरकतो आणि पूर्ण बाहेर येतो, म्हणजे ज्योत बंपरच्याही बाहेर, वर मागचं दार छपरासारखं उघडलेलं. ट्रेला तीन बाजूंनी पत्रा, आणि उतारावर आपोआप सरकू नये म्हणून खिट्टी. ही खिट्टी काकांनीच सुचवली, मला सुचली नसती.

बाकी खरेदी. १ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ८५० रुपये, फायर ब्लँकेट ६००, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २,८०० (आकडा दाखवणारा घ्या, नुसता दिव्याचा नको), आणि एलपीजी गळतीचा वेगळा अलार्म १,१००. नवरा म्हणाला दोन दोन कशाला, पण ही दोन वेगळी भुतं आहेत. न जळलेला गॅस खाली बसतो आणि त्याला वास घातलेला असतो, म्हणून तो अलार्म तळाशी. कार्बन मोनॉक्साइड अर्धवट जळण्यातून होतो, त्याला वास नाही रंग नाही, तो हवेत सगळीकडे मिसळतो, म्हणून तो अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीवर. एकाला दुसऱ्याचं काही कळत नाही. आणि गळतीवाला जरा हळवा आहे, डासांचा स्प्रे मारला तरी कोकलतो.

अग्निशामक पहिल्यांदा मी शेगडीच्या मागे अडकवला होता. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अगं आग लागली तर आगीतनं हात घालून काढणार का तो? हलवला, आता सरकत्या दाराजवळ आहे, बाहेर उभं राहून हाताला येतो. पॉलिएस्टरचे पडदे काढले, सुती लावले, तेही स्वयंपाकाच्या वेळी गुंडाळून वर.

५ ऑक्टोबरला अंगणात ट्रायल. हौसेने घावणे करायला घेतले, घरचा मोठा बिडाचा तवा ठेवला. पाच घावणे मस्त जाळीदार, सहाव्याला शेगडीतून टक असा आवाज आला आणि ज्योत गेली. खटका आपोआप वर आलेला. परत दाबला, पेटवला, दोन मिनिटांत परत टक. शेगडी खराब निघाली म्हणून मी दुकानदाराला फोनवर बरंच बोलले (नंतर सॉरी म्हटलं). नवऱ्याने कार्ट्रिजच्या झाकणावर हात ठेवला आणि पटकन काढला, तापलेलं. तवा इतका मोठा की बर्नर सोडून बाजूच्या डब्यावरही आला होता, बिडाची धग सरळ खाली कार्ट्रिजवर. आतला दाब वाढला की शेगडी स्वतःच डबा सोडून देते, ती बिचारी तिचं काम करत होती. खोक्यावर चित्र होतं, भांडं किती मोठं चालेल त्याचं, आणि त्याच्याच खाली फक्त उघड्यावर वापरा असंही लिहिलं होतं. दोन्ही आम्ही नंतर वाचलं. तेव्हापासून १८ सेंटीमीटरच्या वरचं भांडं गाडीत चढत नाही. वारा लागतो म्हणून शेगडीभोवती पत्रा गोल गुंडाळतात काही लोक, त्यातही हीच भानगड, डबा भाजतो.

कार्ट्रिज ५० अंशांच्या वर तापू द्यायची नसतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी त्याच्या पुढे आरामात जाते. त्यावर उपाय म्हणून मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी घेतली, ६० रुपये. चार वेळा धुतली तरी बांगड्याचा वास आहे. ती गाडीत सावलीच्या बाजूला, वर ओलं फडकं, आणि उन्हात गाडी सोडून फिरायला जायचं असेल तर पेटी ज्यांच्या अंगणात गाडी लावली त्यांच्या पडवीत.

भाऊबीज झाली, २५ ऑक्टोबरला निघालो. चिपळूणहून गुहागर म्हणजे आमचं अंगणच. रात्री समुद्राच्या बाजूला तोंड करून गाडी लावली, वारा समोरून, मागच्या दाराशी एकदम शांत. पिठलं-भात झाला, मी खूश, वाटलं जमलं की. आणि एक सांगते, माडाखाली गाडी लावू नका, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको पण पाहुण्यांना सांगते, नारळ विचारून पडत नाही.

सकाळी पावणेसहाला चहा ठेवला. आधण ठेवून मी दात घासायला नळावर गेले, नवरा आत पांघरुणं आवरत होता. परत आले तर आतून तो कोकलणारा अलार्म. मला वाटलं याने स्प्रे मारला असणार. जवळ आले तर वास. पातेल्याखाली ज्योत नाही, बटण चालू, आणि गॅसचा तो बारीक सूं आवाज. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. आम्ही संध्याकाळच्या वाऱ्याला तोंड देऊन गाडी लावली आणि पहाटे तोच वारा फिरून पाठीमागून सरळ उघड्या डिकीत शिरला. ज्योत विझवली, आणि गॅस ढकलला आत, पेटीच्या खालच्या कप्प्यात, जिथे कांदे-बटाटे होते. ह्या शेगड्यांना ज्योत गेली की गॅस बंद करणारी सोय बहुतेक नसते.

बटण बंद केलं, कार्ट्रिज काढून लांब ठेवलं, तिन्ही दारं उघडली, बॅटरी किंवा दिवा लावायचा नाही म्हणून अंधारातच खालचा कप्पा ओढून बाहेर जमिनीवर ठेवला. वीस मिनिटं नुसते उभे. मग टपरीवर चहा घेतला. त्या दिवसापासून नियम एकच, ज्योत चालू असेल तर एक माणूस तिथून हलणार नाही, दात घासायचे तर आधी घासा. आणि पहाटेच्या चहासाठी गाडी रात्रीच आडवी लावायची, म्हणजे वारा कुठूनही आला तरी बाजूने जातो.

तवसाळ-जयगड फेरीबोटीवर गाडी चढवली तेव्हा इंजिन बंद, हँडब्रेक वर, कार्ट्रिज शेगडीतून काढलेलं. तसंही प्रत्येक जेवणानंतर काढायचं, लावून ठेवून प्रवास नाही. पुढे गणपतीपुळे, रत्नागिरीत एक रात्र बहिणीकडे (आयतं जेवण), आणि मग आडिवरे-जैतापूरमार्गे खाली विजयदुर्गकडे.

२८ तारखेची रात्र मात्र सविस्तर सांगते.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, दुपारपासून आभाळ भरलेलं, शेतात कापलेलं भात भिजत होतं, लोक ताडपत्र्या घेऊन धावत होते. विजयदुर्गच्या अलीकडे एका वाडीत एका आजोबांच्या अंगणात गाडी लावली, ३०० रुपयांत जागा, पाणी, बाथरूम. साडेसातला असा पाऊस आला की मागचं दार उघडं ठेवणं शक्यच नाही, सगळं पाणी शेगडीवर. त्यात डास. भूक लागलेली, दिवसभर वडापाववर होतो. नवरा म्हणाला, आतच लाव, एकदाच तर आहे, दार जरा उघडं ठेवू. मीही हो म्हटलं, हे इथे कबूल करते. मागचं दार बंद, पावसाच्या बाजूचं सरकतं दार बंद, दुसरं दोन बोटं उघडं.

खिचडी लावली, तीन लिटरच्या कुकरमध्ये, गार पाण्याने जवळजवळ भरलेला. पाच मिनिटांत काचा धुरकट. छपराच्या पत्र्यावर थेंब जमले आणि माझ्या मानेवर पडायला लागले. एक किलो गॅस जळला तर साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं, कुकरची वाफ वेगळी, हे सगळं त्या खोक्यात आमच्याबरोबर. नवऱ्याने काच पुसली, मी कोशिंबिरीला काकडी घेतली. सहज कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मकडे बघितलं तर ३८ (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग). एरवी शून्य असतो. म्हटलं, दार थोडं जास्त उघडूया. तेवढ्यात पावसाची सर फिरली आणि नवऱ्याने उलट ते अजून लावून घेतलं. काकडी चिरून मीठ लावेस्तोवर ९०. ज्योतीकडे बघितलं तेव्हा कळलं, कडेने निळी असते ती टोकाला पिवळी झाली होती, कुकरच्या बुडाला काजळीचा काळा चंद्र. कपाळ जड वाटत होतं पण ते मी भुकेला धरलं. ११२ वर अलार्म बोंबलला, चार टीट, थांब, चार टीट, इतका मोठा की आजोबा छत्री घेऊन बाहेर आले.

शेगडी बंद, सगळी दारं उघडी, आम्ही दोघं पावसात. आजोबांच्या ओसरीवर बसलो. आकडा परत शून्यावर यायला बारा मिनिटं लागली, मी मोजली. खिचडी अर्धी कच्ची, दिवाळीचा चिवडा खाऊन झोपलो, तेही ओसरीवरच. डोकं मध्यरात्रीपर्यंत दुखत होतं. नंतर वाचलं की हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा धरून बसतो आणि साध्या हवेत अर्धा निघायलाच चार-पाच तास जातात, म्हणजे दारं उघडली आणि बरं वाटलं असं लगेच होत नाही. चक्कर, उलटी वाटली असती तर सरळ डॉक्टर.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी चालवत बोलत होतो, थोडं भांडतही होतो. दोन बोटांची फट एकाच बाजूला होती, हवा आत येते पण बाहेर जायला वाट नाही. एक फट खाली आणि दुसरी वर, समोरासमोर, असं लागतं. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, वर गार पाण्याचं मोठं भांडं ज्योतीवर दाबून ठेवलं की आणखीनच. पण खरं सांगू का, माझं मत झालंय की एवढ्याशा गाडीत आत ज्योत नकोच, किती बोटं फट ठेवायची ह्याचा हिशोबच करायचा नाही. नवऱ्याचं म्हणणं अजूनही आहे की दोन्ही दारं पूर्ण उघडी असतील तर चहापुरतं चालेल. चालू दे त्याचं, शेगडी माझ्या ताब्यात आहे. आणि हो, डिकीत स्वयंपाक चालू असताना एसी किंवा मोबाइल चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सर तिथेच मागे आहे, धूर सरळ आत.

पावसाच्या दिवसासाठी मग मेनूच बदलला. दडपे पोहे. पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, लिंबू आणि शहाळ्याचं पाणी शिंपडून दडपून ठेवायचे, फोडणी सकाळीच करून छोट्या बाटलीत. सोलकढीला तर आग लागतच नाही. सकाळी उघडीप असताना जास्तीचा भात, रात्री दहीभात. आठ दिवसांत सात कार्ट्रिज लागली, पूर्ण आचेवर एक साधारण दीड तास जातं, बिनआगीचे दिवस नसते तर दहाही पुरली नसती.

मालवणात ३० तारखेला ऊन पडलं. जिथे उतरलो तिथल्या काकींच्या पडवीजवळ ट्रे काढला तर त्या आतून ओरडल्या, "हय खय पेटवतंस गो? बाजूक पेंढो आसा मां!" खरंच, भिंतीला लागून पेंढा रचलेला, मला दिसलाच नव्हता. पुढे मोकळ्या चिऱ्यावर गाडी घेतली. त्यांनीच सुरमईच्या चार तुकड्या दिल्या आणि मी मोहात पडले. रवा लावून तळायला घेतल्या, उथळ पॅन, बोटभर तेल. दुसरी तुकडी टाकताना पाण्याचा अंश राहिला असणार, तेल उडालं आणि पॅनच्या कडेला ज्योत चढली, वीतभर. पाणी नाही, पॅन हलवायचा नाही, एवढं डोक्यात पक्कं होतं. झाकण शेजारीच ठेवलेलं होतं, ते सरकवत टाकलं, बटण बंद, आणि थंड होईपर्यंत उघडलं नाही. ब्लँकेट लागलं नाही. पण हात थरथरत होते ते काकींनी बघितलं आणि उरलेले तुकडे आत नेऊन चुलीवर तळून आणले. मासे तळायचे ते दुसऱ्याच्या चुलीवर, गाडीत उकडलेलं आणि भाजलेलं.

वेंगुर्ल्याला यजमानांनी वीज दिली म्हणून इंडक्शन वापरून बघितलं, ८०० वॉटवर ठेवून वरण-भात अगदी निवांत झाला. वायरचं भेंडोळं मात्र पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं तसंच वापरलं तर ते तापतं, आमचं कोमट झालं होतं. बॅटरीवर इंडक्शन चालवायचा विचार आहे, हिशोब चालू आहे, १२ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-तास) लिथियम बॅटरीत कागदावर सव्वा युनिट वीज मावते, म्हणजे जेवण निघेल, पण इन्व्हर्टर आणि जाड वायर धरून खर्च आमच्या सगळ्या ट्रिपपेक्षा जास्त. पुढच्या वर्षी बघू.

घरी आल्यावर पहिलं काम खाऱ्या हवेचं. शेगडीच्या बर्नरच्या भोकांत गंज धरायला लागला होता आठ दिवसांत, सुक्या ब्रशने घासला. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे ते बघितलं आणि उलटा करून हलवला, गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. सासूबाईंनी विचारलं, गॅस बंद करत होतात ना रोज? हो म्हटलं. कुकरच्या बुडावरचा काळा चंद्र त्यांना अजून दिसलेला नाही, तो मी आधी घासणार आहे.

रिकामी सात कार्ट्रिज गॅलरीत पिशवीत पडली आहेत. भोक पाडून कचऱ्यात टाका म्हणतात काही जण, मला ते करायचं नाही, आत थोडा गॅस राहतोच. भंगारवाल्याने हात लावायला नकार दिला. चिपळूण-रत्नागिरीकडे कुणी घेत असेल तर सांगा.